प्रोसेसर बदलला तरी ड्रायव्हर तोच ठेवायचा, तर कापायचा कुठे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

जळगावला एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह आणि पंपाचे स्टार्टर चालवणारे कंट्रोलर बनवतो. ओलाव्याचे सेन्सर, पाण्याचा मीटर, सगळं आरएस-४८५ या जोडणीच्या दोन तारांवर मॉडबस या ठरलेल्या भाषेत बोलतं. २०२१ च्या चिपटंचाईत आमचा नेहमीचा प्रोसेसर, आर्म जातीचा एसटीएम३२एफ१०३, मिळेनासा झाला. मिळालाच तर भाव ऐकून फोन ठेवावा असा. तेव्हापासून जो प्रोसेसर हाती लागेल तो लावायचा, असं धोरण आहे. सध्या जुना एसटीएम३२ आहेच, शिवाय रिस्क-फाइव्ह जातीचा जीडी३२व्हीएफ१०३, स्वस्त मॉडेलात आठ बिटी एव्हीआर जातीचा एटीमेगा३२८, आणि गेटवेत ६४ बिटी आर्मवर लिनक्स.

मॉडबसचा ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा कोड) मात्र एकच. चिप कंपनीचा एचएएल, म्हणजे हार्डवेअर झाकणारा तयार कोड, वापरत नाही. लोकांना हे पटत नाही, म्हणून हा धागा.

खाली एक थर टाकला की ड्रायव्हर पोर्टेबल होतो, असं सगळे धरून चालतात. तो थर कापला कुठे, यावर खरं ठरतं. बहुतेक जण रजिस्टरच्या (चिपमधल्या छोट्या साठवणजागा) आणि फ्लॅगच्या (त्यातले स्थिती सांगणारे बिट) नावावर कापतात. मी म्हणतो, ड्रायव्हरला पडणाऱ्या प्रश्नावर कापा.

उदाहरण आरएस-४८५ चंच घ्या. दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं. बोलताना ट्रान्सीव्हरची, म्हणजे तारेला जोडणाऱ्या चिपची, डीई (बोलणं सुरू करणारी) पिन वर, बोलून झालं की खाली. आता "बोलून झालं" हे कळणार कसं? यूएआरटीत, म्हणजे बाइट एकेक बिट करून पाठवणाऱ्या भागात, दोन वेगळे फ्लॅग असतात. एक सांगतो, डेटा रजिस्टर रिकामं झालं, पुढचा बाइट टाका. दुसरा सांगतो, शेवटचा बिटसुद्धा तारेवरून गेला. पहिला फ्लॅग बघून डीई खाली ओढली, तर शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून अजून बाहेर पडत असतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ११ बिटांचा बाइट साधारण १.१ मिलिसेकंद घेतो. तो अर्ध्यात तुटतो, आणि मॉडबसमध्ये शेवटचा बाइट सीआरसीचा, म्हणजे चूक पकडणाऱ्या तपासणी-आकड्याचा, असतो. स्लेव्ह, म्हणजे उत्तर देणारा सेन्सर, बिचारा चुकीचा सीआरसी बघून गप्प बसतो. आपण तार तपासतो, टर्मिनेशन तपासतो, सेन्सरला शिव्या घालतो.

एसटीएम३२ मध्ये हे दोन फ्लॅग टीएक्सई आणि टीसी. एव्हीआरमध्ये यूडीआरई आणि टीएक्ससी. १६५५० जातीच्या यूएआरटीत लाइन स्टेटस रजिस्टरचे ५ आणि ६ क्रमांकाचे बिट. नावं बदलून मॅक्रो केले की झालं, असं वाटतं ना? नाही झालं. एसटीएम३२ चा टीसी रीसेटनंतर १ असतो. एव्हीआरचा टीएक्ससी रीसेटनंतर ० असतो, आणि एकदा चढला की त्यात १ लिहून तो आपणच उतरवायचा असतो. १६५५० मध्ये उतरवण्यासारखं काही नाहीच, ती नुसती सद्यस्थिती. म्हणजे "बाइट पाठवण्याआधी लाइन मोकळी आहे का बघ" हा साधा कोड एसटीएम३२ वर धावतो आणि एव्हीआरवर पहिल्याच फेरीत कायमचा अडकतो.

म्हणून माझ्या वरच्या थराला फ्लॅग माहीतच नाहीत. तो एवढंच विचारतो: तार मोकळी झाली का? एव्हीआरवर त्या उत्तरामागे "आपण काही पाठवलं होतं का" हे लक्षात ठेवणारा एक बाइट आहे. तो खालीच राहतो, वर कुणाला पत्ता नाही.

तुम्ही कुठे कापता?

भुसावळ_यार्ड

छान विषय काढला भाऊ. आमची सुरुवात डॉसवर, कॉम-१ चा पत्ता ३एफ८ हेक्स, आणि इन-आउट सूचना. तरुण मंडळींना सांगतो, एक्स८६ मध्ये आयओ पोर्टांचा पत्ताप्रदेश मेमरीपासून वेगळा आहे. आर्ममध्ये, रिस्क-फाइव्हमध्ये तसलं काही नाही. सगळी रजिस्टरं मेमरीच्याच पत्त्यांवर. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरात जागोजाग पेरलेल्या इन-आउट हलवताना जीव जायचा.

आणि १६५५० ची गंमत राहिलीच की. तोच यूएआरटी, तीच आठ रजिस्टरं, पण पीसीत ती एकेका बाइटवर चिकटून. आजच्या सिस्टिम-ऑन-चिपमध्ये बऱ्याचदा चार-चार बाइटांच्या अंतरावर. लाइन स्टेटस हे पाच क्रमांकाचं रजिस्टर. पीसीत ते पायापासून ५ वर, रास्पबेरी पायच्या मिनी यूएआरटीत २० वर. काही चिपांत तर वाचायचंही पूर्ण ३२ बिटांनीच, बाइटने वाचलं की बस एरर.

गिरणाकाठ

यार्डकाका, बरोब्बर. लिनक्सने त्यासाठी ड्रायव्हरच्या प्रती काढल्या नाहीत. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डाचं वर्णन असलेल्या डेटा फाइलीत, "रेग-शिफ्ट" आणि "रेग-आयओ-विड्थ" असे दोन आकडे लिहायचे. ड्रायव्हर "रजिस्टर क्रमांक ५ दे" एवढंच म्हणतो. कापायची जागा बघा किती अरुंद आहे. यंत्राचं ज्ञान वर, त्या यंत्रापर्यंत जायच्या वाटेचं ज्ञान खाली.

अमळनेरची_लेक

मूळची अमळनेरची, आता पुण्यात. पोटापाण्यासाठी कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नेटवर्कचे ड्रायव्हर लिहिते. धागा आवडला, पण मायक्रोकंट्रोलरवर राहिलं की अर्धंच दुखणं दिसतं. उरलेलं अर्धं मोठ्या प्रोसेसरवर.

पहिलं, व्होलाटाइल, म्हणजे "हे मूल्य दर वेळी खरंच वाच-लिही" असं सांगणारा सी भाषेतला शब्द. "पॉइंटर व्होलाटाइल केला, आता चिंता नाही" हे दर मुलाखतीत ऐकते. व्होलाटाइल कंपायलरला आवरतं. प्रोसेसरला आणि बसला नाही. समजा नेटवर्क कार्डाला पॅकेट द्यायचंय. आधी मेमरीत डिस्क्रिप्टर (पॅकेट कुठे आहे ती नोंद) भरायचा, मग कार्डाच्या डोअरबेल रजिस्टरमध्ये लिहायचं की "घे". एक्स८६ वर लिहिलेल्या गोष्टी सहसा त्याच क्रमाने बाहेर दिसतात, म्हणून चुकीचा ड्रायव्हरही वर्षानुवर्षं चालतो. आर्मवर डोअरबेल आधी पोचू शकते आणि डिस्क्रिप्टर मागून. कार्ड जुनाच डिस्क्रिप्टर उचलतं. आणि हे दर वेळी होत नाही, लोड वाढला की होतं, त्यामुळे दोष हार्डवेअरच्या माथी जातो.

लिनक्समध्ये याचा बंदोबस्त राइटएल या फंक्शनातच केलाय. ते रजिस्टर लिहिण्याआधी लागेल तो बॅरिअर टाकतं, आणि मूल्य लिटल-एंडियनच (लहान बाइट आधी) जाईल याची हमी देतं, प्रोसेसर कोणताही असो. वेग हवा म्हणून कुणी राइटएल-रिलॅक्स्ड वापरलं की बॅरिअरची जबाबदारी आपल्यावर. माझं मत विचाराल तर मोजमाप हातात असल्याशिवाय रिलॅक्स्डला हात लावू नये.

दुसरं, कॅश. पीसीत डीएमए (यंत्राने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) आणि कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) यांचं आपोआप जमतं. आर्मच्या कित्येक चिपांवर जमत नाही: प्रोसेसरने लिहिलेलं कॅशमध्येच पडून राहतं आणि यंत्र मेमरीतलं शिळं वाचतं. म्हणून बफर यंत्राच्या हाती देताना "मॅप" आणि परत घेताना "अनमॅप" म्हणायचंच. एक्स८६ वर या दोन हाका बहुतेक वेळा काहीच करत नाहीत, म्हणून लोक त्या गाळतात. आणि डीएमएचा बफर दुसऱ्या व्हेरिएबलांच्या शेजारी एकाच कॅश लाइनवर ठेवू नका. शेजाऱ्यावर लिहिलं की आपल्या बफरवर जुना मजकूर परत येऊन बसतो.

जाता जाता, ही कापायची जागा लिनक्सचीच कल्पना नाही. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बस-स्पेस आणि बस-डीएमए नावाचे दोन थर आहेत. ड्रायव्हरला एक टॅग, एक हँडल मिळतं आणि तो "या हँडलपासून इतक्या अंतरावरचे चार बाइट दे" म्हणतो. खाली आयओ पोर्ट असो की मेमरी, ड्रायव्हरला सोयरसुतक नाही. वाचण्यासारखा कोड आहे.

धुळ्याना_पोऱ्या

ताई, बठ्ठं समजनं, पण ते बॅरिअर काय शे ते आखो एकदाव सांगा ना.

अमळनेरची_लेक

सांगते भाऊ. रावेरला केळीची गाडी भरताना हमाल घड चढवतायत आणि तू चिठ्ठी देऊन ड्रायव्हरला सांगायचंस, "निघ". हमाल आणि चिठ्ठी नेणारा पोरगा वेगवेगळ्या वाटेने जातात. पोरगा आधी पोचला तर गाडी अर्धी भरलेलीच निघते. "शेवटचा घड चढल्याशिवाय पोराला सोडायचं नाही" हा नियम म्हणजे बॅरिअर. हमालांचा वेग वाढत नाही की कमी होत नाही, नुसता क्रम पक्का होतो.

चोपड्याचा_सोल्डर

मी दुरुस्तीवाला माणूस, बाकीच्यांएवढा शिकलेला नाही. पण एक नमुना सांगतो. एका शेतकऱ्याकडून हवामानाचा बोर्ड आला, कुणी बनवला ते जाऊ द्या. तक्रार अशी की हिवाळ्यात ठीक चालला आणि उन्हाळ्यात उणे तापमान दाखवायला लागला. आपल्याकडे मे महिन्यात उणे वीस!

आत एटीमेगा. कोड मागवून बघितला तर आधी ३२ बिटी चिपवर लिहिलेला, तसाच उचलून आणलेला. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, साध्या "इंट"मध्ये. एव्हीआरवर इंट १६ बिटांचा, त्यात ३२,७६७ च्या वर मावत नाही. म्हणजे पारा ३२.७ च्या पुढे गेला की संपलं. ४५ अंश म्हणजे ४५,०००, त्यातून ६५,५३६ गेले की उणे २०,५३६. बरोबर उणे साडेवीस अंश. युरोपात हा बोर्ड जन्मभर चालला असता कदाचित, खानदेशात होळीपर्यंतही टिकला नाही.

इंटच्या जागी इंट३२ लिहिलं, बोर्ड परत दिला.

गिरणाकाठ

सोल्डरभाऊ, हा किस्सा आमच्या भिंतीवर लावतो. ड्रायव्हरच्या कोडात नुसता "इंट", "लाँग" किंवा "चार" (सी भाषेतले रुंदी न सांगणारे प्रकार) दिसला की मी कोड परत पाठवतो. रुंदी लिहिलेली पाहिजे.

त्याचाच भाऊ म्हणजे टिकचा, वेळ मोजणारा काउंटर. इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून मध्येच धावणाऱ्या कोडात) वाढणारा ३२ बिटी काउंटर आर्मवर एका सूचनेत वाचला जातो. एव्हीआरवर चार बाइट चार वेळा वाचायचे, मध्येच इंटरप्ट आला की दोन बाइट जुने, दोन नवे. त्यासाठी वाचताना इंटरप्ट बंद करायचे. पण बंद करून पुन्हा "चालू" करू नका! आधी जसे होते तसे परत ठेवा. ही स्थिती कुठे असते? एव्हीआरवर एसरेग, कॉर्टेक्स-एमवर (छोट्या आर्मवर) प्रायमास्क, रिस्क-फाइव्हवर एमस्टेटसमधला एमआयई बिट. तिन्हीकडे "जुनी स्थिती घे" आणि "जुनी स्थिती ठेव" या दोनच हाका. ज्याने नुसतं चालू-बंद लिहिलं, त्याचं फंक्शन दुसऱ्या बंद भागातून बोलावलं की तिथलं कुलूप उघडून जातं.

शिरपूर_सेम७

सर, मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या लॅबमध्ये सीडॅकचा एरीज बोर्ड आलाय, त्यावर तेजस३२, म्हणजे देशी रिस्क-फाइव्ह. आम्हाला आर्डुइनोवर (एव्हीआरच्या बोर्डावर) चालणारं मॉडबस त्यावर न्यायचंय. प्रश्न असा की एवढा खटाटोप का? प्रत्येक कंपनी एचएएल देतेच, नाहीतर झेफायर ही छोट्या चिपांची ऑपरेटिंग सिस्टिम आहे.

गिरणाकाठ

कंपनीचा एचएएल त्या कंपनीच्या घराण्यापुरता पोर्टेबल असतो. दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, हाच त्याचा अर्धा हेतू. झेफायरबद्दल मात्र आदर आहे. डिव्हाइस ट्रीची पद्धत त्यांनी छोट्या चिपांवर आणली. रॅम असेल तर जरूर वापर. पण उद्या कुणी सीएच३२व्ही००३ देईल, त्यात रॅम दोन केबी. तिथे मी ऑपरेटिंग सिस्टिम भरत बसणार नाही.

एक गोष्ट तुझ्या कामाची. जीडी३२व्हीएफ१०३ आणि एसटीएम३२एफ१०३ यांचे कोर पूर्ण वेगळे, पण यूएआरटी, जीपीआयओ, टायमर जवळजवळ तेच. आमचा यूएआरटीचा थर तिकडे जवळपास जसाच्या तसा गेला. बदलला तो इंटरप्ट कंट्रोलर, सुरुवातीचा असेंब्ली कोड आणि ते प्रायमास्क प्रकरण. म्हणजे आर्किटेक्चर बदललं की सगळं बदलतं हे खरं नाही, आणि आर्किटेक्चर तेच राहिलं की सगळं तेच राहतं हेही नाही. एसटीएम३२ च्याच नव्या घराण्यांत यूएआरटीचं स्टेटस रजिस्टर आणि फ्लॅग उतरवायची पद्धत बदललेली आहे, कोर आर्मच.

अमळनेरची_लेक

डिव्हाइस ट्रीवरून: ती कल्पना ओपन फर्मवेअर या यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, सन आणि पॉवरपीसीच्या यंत्रांवर आधीपासून होती. आर्मच्या प्रत्येक बोर्डासाठी वेगळी सी फाइल, असा ढीग साचला, तेव्हा २०११ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स चांगलाच उखडला. त्यानंतर आर्मवाल्यांनी डिव्हाइस ट्री मनावर घेतली. बोर्डाची माहिती कोडमधून काढून डेटात टाकली, एवढाच तो बदल, पण त्यानेच एक कर्नल अनेक बोर्डांवर चालायला लागला.

नंदुरबारी_मिरची

सगळं ठीक, पण वेगाचं काय? एक रजिस्टर वाचायला फंक्शन, त्याच्या आत पॉइंटर, त्याच्या आत अजून फंक्शन. १६ मेगाहर्ट्झच्या एव्हीआरवर हे शौक परवडत नाहीत. मी तर सरळ पत्ता लिहून मोकळा होतो.

गिरणाकाठ

मिरचीभाऊ, झोंबलं तरी उत्तर देतो. एक, फंक्शन पॉइंटर नाहीत. प्रोसेसर कंपाइल करतानाच ठरलेला असतो. हेडरमधली स्टॅटिक इनलाइन फंक्शनं विरघळून एक-दोन सूचना उरतात. दोन, हिशेब करा. ९६०० बॉडला एक बाइट जायला १६ मेगाहर्ट्झवर अठरा हजारांहून जास्त सायकल मिळतात. त्यात दहा-वीस गेल्या तर काय बिघडलं?

तुमचं म्हणणं खरं ठरतं ते पिन हातानं हलवायची असते तिथे. डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरचा वन-वायर, म्हणजे एकाच तारेवरचं बोलणं, घ्या: वाचताना स्लॉट सुरू झाल्यापासून १५ मायक्रोसेकंदांत पिन बघायचीच. तिथे मोजून भरलेल्या रिकाम्या फेऱ्यांचा विलंब लिहिला, की प्रोसेसर बदलला, क्लॉक बदलला, कंपायलरचा ऑप्टिमायझेशन बदलला की मोडलं. आणि लिनक्सच्या युजर प्रोग्रॅममधून १५ मायक्रोसेकंदांची खात्री कोण देणार?

तिथे आम्ही पिन हलवतच नाही. वन-वायर यूएआरटीकडून करून घेतो. ९६०० बॉडला एफ० हेक्स पाठवा, तो झाला रीसेट पल्स; सेन्सर असेल तर परत येणारा बाइट बदललेला येतो. मग ११५२०० वर या: ००  हेक्स म्हणजे शून्य लिहिणं, एफएफ म्हणजे एक लिहिणं, आणि वाचायचं असेल तरी एफएफच पाठवून परत आलेला बाइट एफएफच आहे का बघणं. स्टार्ट बिट म्हणजेच स्लॉटची सुरुवात. वेळेचा सगळा भार हार्डवेअरवर. आणि यूएआरटी नसलेला प्रोसेसर अजून माझ्या हाती लागलेला नाही.

भुसावळ_यार्ड

वा! ही युक्ती माहीत नव्हती. असल्या एका ओळीसाठी आख्खा धागा वाचावा.

वांग्याचं_भरीत

अवांतर: एवढे खानदेशी एका धाग्यावर जमलेत तर थंडीत एक कट्टा होऊन जाऊ द्या. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. चुलीची जबाबदारी माझी.

नंदुरबारी_मिरची

कट्ट्याला +१. पण इथे धाग्याचं भरीत नको, त्याचा वेगळा काढा.

गिरणाकाठभाऊ, वन-वायरचं मान्य. मॉडबसमध्ये फ्रेम संपली हे कसं ओळखता? साडेतीन कॅरेक्टरांची शांतता म्हणजे ९६०० ला चार मिलिसेकंद. एव्हीआरवर टायमरने सोपं, लिनक्सवर?

गिरणाकाठ

लिनक्सवर शांतता मोजायचीच नाही. यूएसबीचा सीरियल अडॅप्टर असेल तर तो बाइट साठवून गठ्ठ्याने देतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपचा मुळातला लेटन्सी टायमरच (गठ्ठा धरून ठेवायची मुदत) १६ मिलिसेकंदांचा. चार मिलिसेकंदांची शांतता तुम्हाला दिसणार कुठून? आपण मास्टर आहोत, काय विचारलं ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे उत्तर किती बाइटांचं येणार हेही माहीत. तेवढे बाइट मोजा, सीआरसी बघा, नाहीतर टाइमआउट. हीच पद्धत आता एव्हीआरवरही. पुन्हा तेच, "शांतता झाली का" हा प्रश्न सगळ्यांना झेपत नव्हता, म्हणून "एवढे बाइट आले का" विचारला.

आणि बाइटांच्या क्रमाबद्दल: मॉडबसचं रजिस्टर तारेवर मोठा बाइट आधी, सीआरसी मात्र लहान बाइट आधी. ३२ बिटी फ्लोट दोन रजिस्टरांत येतो, त्यातलं कोणतं आधी हे मीटरवाल्यांच्या मर्जीवर. २५.० म्हणजे ४१सी८ आणि ००००. उलटं जोडलं तर आकडा इतका बारीक होतो की पडद्यावर शून्यच दिसतं, आणि शेतकरी म्हणतो मीटर बंद आहे. बफरवर स्ट्रक्टचा पॉइंटर टाकून हे वाचू नका. एक तर एंडियन, दुसरं म्हणजे पत्ता चारने भागला जाणारा नसेल तर कॉर्टेक्स-एम० सरळ हार्डफॉल्ट मारतो. बाइट उचला, सरकवा, जोडा. कंटाळवाणं आहे, पण सगळीकडे चालतं. बिटफील्डचंही तसंच: कोणता बिट कुठे बसेल हे कंपायलर ठरवतो, हार्डवेअरच्या रजिस्टरला तो मेळ चालत नाही.

शिरपूर_सेम७

सर, हे सगळं तपासायचं कसं? आमच्याकडे बोर्ड एकच आहे आणि तोही सरांच्या कपाटात.

अमळनेरची_लेक

बोर्ड लागतच नाही. ड्रायव्हर नीट कापला असेल तर खालचा थर काढून तिथे खोटी रजिस्टरं ठेव, एक साधा अ‍ॅरे, आणि सगळं पीसीवर चालव. अनडिफाइंड बिहेवियरचा सॅनिटायझर (सी च्या नियमाबाहेरचं वागणं पकडणारी कंपायलरची सोय) लाव, बिनजुळणीचे पत्ते तो पकडतो. मग तोच प्रोग्रॅम क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एस३९०एक्स किंवा मिप्स अशा बिग-एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) प्रोसेसरवर चालव. बाइटांच्या क्रमातल्या चुका तिथे लपत नाहीत. आणि "चार" हा प्रकार एकदा साइन्ड (उणे आकडे घेणारा), एकदा अनसाइन्ड (न घेणारा) असं सांगून दोनदा कंपाइल कर, सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून. बोर्डावर तपासायला उरतं ते वेळेचं आणि इंटरप्टचं.

शिरपूर_सेम७

ताई, लगेच करून बघितलं. आर्डुइनोवरचा कोड अनसाइन्ड "चार" देऊन कंपाइल केला तर वॉर्निंग आली, की तुलना कायम खोटीच ठरणार. ओळ अशी आहे: "चार" प्रकारच्या "सी" या व्हेरिएबलमध्ये बाइट घेतला आणि "सी"ची किंमत उणे एक आहे का, म्हणजे काही आलंच नाही का, हे बघितलं. पण आर्डुइनोवर तर चालतं!

गिरणाकाठ

एव्हीआरच्या जीसीसी कंपायलरात "चार" साइन्ड, म्हणून चालल्यासारखं दिसतं. तिथेही खरा एफएफ बाइट आला की तुझा कोड म्हणणार, काही आलं नाही. रिस्क-फाइव्हवर "चार" अनसाइन्ड, तिथे उणे एक कधीच सापडणार नाही आणि तो रिकामा बफर २५५ म्हणून वाचत राहील. घेताना इंट१६ मध्ये घे, उणे एक आहे का बघ, मगच बाइटमध्ये टाक. आणि सरांकडून कपाटाची किल्ली मागून ठेव, डीईची वेळ स्कोपवर बघावीच लागेल.